ठोका आला, दखल कोणी घेतली?

पंडरीच्या कापड बाजारात लग्नसराईत पाय ठेवायला जागा नसते. रायपूरचेच काय, छत्तीसगडच्या कानाकोपऱ्यातले लोक इथे खरेदीला येतात. गादीवर साड्यांचा ढीग पडलेला असतो, भावाची घासाघीस चाललेली असते आणि जिन्याखालच्या कोपऱ्यात विजेच्या मीटरवरचा तांबडा दिवा आपला मुकाट लुकलुकत असतो. त्याच्याकडे कोणाचेच लक्ष नसते. मीटरवर बारीक अक्षरांत पुष्कळदा 3200 हा आकडा छापलेला दिसतो. एक युनिट वीज खर्च व्हायला त्या दिव्याची 3200 वेळा उघडझाप व्हावी लागते. दुकानातला एसी, पंखे, दिवे मिळून एक किलोवॉट ओढत असतील, तर सेकंदाहून किंचित जास्त वेळाने एक लुकलुक.

आता दुपारच्या तीन तासांत दुकानाने किती वीज खाल्ली, हे दुकानदाराच्या अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलीला मोजायचे आहे असे धरू. मीटरला हात लावायची मुभा नाही, पण दिव्यासमोर फोटोडायोड धरायला कोणाची हरकत नसते. प्रत्येक लुकलुकीला फोटोडायोडच्या दोन टोकांत व्होल्टचा काही अंश दाब तयार होतो आणि लगेच मावळतो. मल्टिमीटर लावून उपयोग होत नाही. तो सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो, मधल्या मध्ये ठोका येऊन गेलेला असतो. साधा सिलिकॉन ट्रान्झिस्टर जोडला तर तो 0.6 व्होल्टच्या आसपास दाब मिळेपर्यंत ढिम्म बसतो. ठोका खरा असतो, पण दुबळा आणि अल्पजीवी.

असा ठोका पकडायचा तर दोन गोष्टी ठरवाव्या लागतात. किती दाब आला म्हणजे "आला" म्हणायचे? आणि येऊन गेलेला ठोका लक्षात कोणी ठेवायचा? पहिली उंबरठ्याची बाब, दुसरी स्मरणाची. गेल्या जवळजवळ अडीचशे वर्षांत या दोन्ही कामांसाठी माणसाने बेडकापासून रेल्वेपर्यंत काय काय राबवले, याचा इतिहास मोठा चटकदार आहे. त्याचा बराच भाग आपल्याकडे घडलेला आहे.

सुरुवात बेडकापासूनच. 1780 च्या दशकात इटलीतल्या बोलोन्यात लुइजी गॅल्व्हानीच्या टेबलावर मेलेल्या बेडकाचे पाय विजेच्या ठिणगीसरशी आखडले. त्या काळी यापेक्षा संवेदनशील यंत्र कोणाकडेच नव्हते. पुढे व्होल्टाने दोन धातू जिभेला लावून चव पाहिली. म्हणजे उंबरठा जिभेचा आणि स्मरण पाहणाऱ्याचे. 1820 मध्ये ऑर्स्टेडला तारेजवळची होकायंत्राची सुई हलताना दिसली आणि त्याच वर्षी श्वाइगरने तारेचे वेटोळे करून ती हालचाल वाढवली. जिवंत शरीराऐवजी सुई आली. निदान युरोपात तरी.

हिंदुस्थानात मात्र शरीर आणखी काही वर्षे कामाला लागले. विल्यम ओशॉग्नेसी हा लिमरिकचा आयरिश डॉक्टर कोलकात्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवायचा. माणूस हरहुन्नरी. पटकीच्या रोग्याच्या शिरेत क्षार आणि पाणी सोडावे ही कल्पना त्याने विशीतच मांडली होती. गांजाच्या औषधी गुणांवरचा त्याचा निबंध वैद्यकाच्या इतिहासात आजही वाचला जातो. 1839 मध्ये, वयाच्या तिशीत, त्याने हुगळीकाठच्या वनस्पती उद्यानात बांबूंवरून 21 मैल तार फिरवली आणि मंडलाचा काही भाग चक्क नदीच्या पाण्यातून नेला. पलीकडच्या टोकाला ठोका पोचला हे कळायचे कसे? तारेला बोट लावून. दोन्ही टोकांना बरोबरीने चालणारी घड्याळे ठेवायची आणि काटा हव्या त्या अक्षरावर आला की इकडून झटका पाठवायचा. पलीकडचा माणूस बोटाला झिणझिणी आली की काटा कुठे आहे ते पाहायचा. उंबरठा माणसाच्या कातडीचा, स्मरण त्याच्या डोळ्यांचे. मॉर्सची वॉशिंग्टन–बाल्टिमोर तार 1844 ची. त्याच्या पाच वर्षे आधीचा हा खटाटोप, पण कंपनी सरकारने त्याकडे दहा वर्षे ढुंकून पाहिले नाही.

लॉर्ड डलहौसी आला आणि वारे फिरले. 1851 मध्ये कोलकाता ते डायमंड हार्बर तार सुरू झाली. टांकसाळीत ओशॉग्नेसीच्या हाताखाली काम केलेला शिवचंद्र नंदी हा बंगाली तरुण त्या कामात त्याचा उजवा हात होता. तोवर बोटाचे काम एका छोट्या आडव्या सुईकडे गेले होते. हे यंत्र ओशॉग्नेसीने स्वतःच बेतले होते आणि इथल्या कारागिरांकडून स्वस्तात करून घेतले होते. सुई डावीकडे की उजवीकडे, यावरून अक्षर ओळखायचे. तारसुद्धा नाजूक नव्हती, जाड लोखंडी सळ्याच होत्या त्या. माकडे लोंबकळली, घारी बसल्या तरी तुटू नयेत असा त्यामागचा हिशेब. विलायतेतल्या पुस्तकात माकडांचा विचार नव्हता, इथे तो करावाच लागला.

नोव्हेंबर 1853 मध्ये मोठ्या मार्गांचे काम सुरू झाले आणि 24 मार्च 1854 ला आग्र्याहून कोलकात्याला पहिला संदेश गेला. याच महिन्यांत डलहौसी नागपूरचे राज्य खालसा करत होता. तिसरे रघुजी भोसले डिसेंबर 1853 मध्ये निपुत्रिक वारले आणि नव्या वर्षात त्यांच्या राज्याबरोबर रायपूर आणि सारा छत्तीसगड कंपनीच्या हाती गेला. बिंबाजी भोसल्यांच्या वेळेपासून या मुलखात रुजलेली मराठी घराणी रायपूरच्या तात्यापाऱ्यात आजही आहेत. त्यांच्या पूर्वजांना राज्य गेल्याची बातमी तारेने कळली नसणार. पहिले मुख्य मार्ग कोलकाता–आग्रा, आग्रा–मुंबई आणि मुंबई–मद्रास असे होते. रायपूर त्यांच्या वाटेवर नव्हते. फेब्रुवारी 1855 मध्ये तार आम जनतेला खुली झाली, तेव्हाही नाही.

दुबळ्या ठोक्यांची खरी परीक्षा जमिनीवर झाली नाही, समुद्राच्या तळाशी झाली. 1858 ची अटलांटिक केबल हे त्याचे गाजलेले उदाहरण. राणी व्हिक्टोरियाचा 98 शब्दांचा निरोप पलीकडे जायला सोळा तास लागले. लांब केबल ठोका आखडून ठेवते, पसरवते. एका टोकाला ठसठशीत पाठवलेला ठोका दुसऱ्या टोकाला पुसट फुगवटा होऊन निघतो. कंपनीचा वीजतज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस याचे गणित सरळ होते: उत्तर येत नाही ना, मग दाब वाढवा. त्याने सुमारे 2000 व्होल्ट लावले आणि महिनाभरात केबलच मेली.

विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, उलट्या बाजूने विचार करत होते. ओरडण्यापेक्षा कान तीक्ष्ण करावा, हा त्यांचा मार्ग. त्यांनी रेशमाच्या एका धाग्याला नखाएवढा आरसा टांगला, आरशाच्या पाठीला इवलीशी चुंबके चिकटवली आणि भोवती तारेचे वेटोळे ठेवले. आरशावर दिव्याचा झोत पाडला की परावर्तित ठिपका समोरच्या पट्टीवर पडतो. वेटोळ्यातून नगण्य प्रवाह गेला, आरसा केसभर वळला, तरी ठिपका पट्टीवर बोटभर सरकतो. 1866 मध्ये नवी केबल लागल्यावर लॅटिमर क्लार्कने शिवणकामाच्या अंगुस्तान्यात आम्लाचे थेंब आणि जस्ताचा तुकडा घालून बॅटरी केली आणि तेवढ्यावर अटलांटिक ओलांडून परत येणारा ठोका या आरशावर पाहून दाखवला. व्हाइटहाउसचे 2000 व्होल्ट आणि क्लार्कचे अंगुस्तान! मापन शिकवणाऱ्या प्रत्येक वर्गात ही जोडी सांगायला हवी.

हे तंत्र मुंबईला आले 1870 मध्ये. त्या फेब्रुवारीत 'ग्रेट ईस्टर्न' हे त्या काळचे जगातले सर्वांत मोठे जहाज मुंबई बंदरात होते. तिथून केबल सोडत ते एडनला गेले, आणि जूनपर्यंत एडन, सुएझ, माल्टा, जिब्राल्टर करत मुंबई लंडनला जोडली गेली. आधी इराणच्या आखातातून तार जायची खरी; पण वाटेत इतक्या हातांतून फिरायची की निरोप पोचायला दिवस लागत आणि पोचेपर्यंत त्याचा चोथा होई. आता काम तासांवर आले. कापसाच्या व्यापाऱ्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको. आरशाचा ठिपका वाचणे मात्र दोन माणसांचे काम असे. एक जण अंधाऱ्या खोलीत ठिपका डावीकडे गेला की उजवीकडे ते बोलायचा आणि दुसरा लिहायचा. उंबरठा यंत्राकडे गेला तरी स्मरण अजून माणसाकडेच होते. काचेच्या बारीक नळीतून कागदाच्या पट्टीवर शाईची नागमोडी रेघ ओढणारा थॉमसन यांचाच सायफन रेकॉर्डर आला, तेव्हा कुठे ठोका स्वतःची नोंद स्वतः ठेवू लागला.

जमिनीवरच्या तारेत दरम्यान सुई गेली होती आणि मॉर्स आला होता. मॉर्सचे यंत्र कागदावर खुणा उठवायचे, पण तारबाबूंनी फार लवकर कागदाकडे पाहणे सोडले. यंत्राच्या दांडीचा आवाज ऐकूनच अक्षरे उतरवता येतात हे त्यांच्या ध्यानात आले होते. मग कागद काढूनच टाकला. राहिला तो साउंडर: विद्युतचुंबक, वर एक पितळी दांडी आणि तिचे कट्ट-कडकट्ट. गजबजलेल्या तारघरात आपलाच साउंडर ऐकू यावा म्हणून अमेरिकेतले तारबाबू त्याच्यामागे तंबाखूचा रिकामा डबा अडकवून आवाज घुमवत.

साउंडरला लागणारा जोर मात्र शे-दोनशे मैलांवरून आलेल्या ठोक्यात नसे. तिथे रिले लागे. जोसेफ हेन्रीने 1835 च्या सुमारास दाखवलेली युक्ती ती: दुबळ्या ठोक्याने फक्त एक हलकी पट्टी ओढायची, पट्टीने स्थानिक बॅटरीचे मंडल जोडायचे आणि साउंडर त्या बॅटरीवर वाजवायचा. रिलेच्या पट्टीला मागे खेचणारी एक बारीक स्प्रिंग असते आणि स्प्रिंगचा ताण कमी-जास्त करायला एक स्क्रू. पावसाळ्यात खांब आणि चिनी मातीचे बुचके ओले झाले की वाटेतच वीज जमिनीत मुरे आणि येणारा ठोका आणखी मऊ होई. स्प्रिंग घट्ट राहिली तर ठोका हुके; फार सैल केली तर गळतीच्या प्रवाहावरच पट्टी चिकटून बसे. चांगला तारबाबू आभाळाचा रंग पाहून तो स्क्रू फिरवायचा. उंबरठा ठरवणे म्हणजे काय, हे त्या एका स्क्रूइतके स्वच्छ कुठल्याच पाठ्यपुस्तकाने सांगितलेले नाही.

छत्तीसगडात रूळ आले ते 1880 च्या दशकात. आधी नागपूर ते राजनांदगाव मीटर गेज. मग 1887 मध्ये बंगाल नागपूर रेल्वे स्थापन झाली, तिने तो मार्ग रुंद करून रायपूर, बिलासपूरवरून पुढे नेला आणि 1891 मध्ये आसनसोल गाठले. 1900 मध्ये याच कंपनीची रायपूर–धमतरी ही अडीच फुटी छोटी रेल सुरू झाली. रायपूर जंक्शनहून निघून ती पंडरीच्या अंगाने तेलीबांधाकडे जायची. गेल्या दशकात शहरातला तिचा भाग बंद झाला आणि त्या पट्ट्यावर एक्स्प्रेस-वे झाला. कापड बाजारात यायला आज ज्या उड्डाणपुलाखालून वळावे लागते, तिथून कधी काळी गाडी जायची हे नव्या गिऱ्हाइकाला सांगूनही पटत नाही.

रेल्वेत ठोक्याला जिवाचे मोल असते. मुख्य मार्गावर दोन स्टेशनांमध्ये एका वेळी एकच गाडी असावी, म्हणून शेजारची स्टेशने एकमेकांना घंटेचे ठोके देतात. रेल्वेच्या भाषेत बीट. एक बीट म्हणजे लक्ष द्या, दोन म्हणजे लाइन क्लिअर आहे का, तीन म्हणजे गाडी निघाली, चार म्हणजे गाडी पोचली. सहा म्हणजे धोका. आलेले बीट तसेच परत वाजवून दाखवायचे आणि ट्रेन रजिस्टरमध्ये वेळ लिहायची. क्षणात विरणारा ठोका इथे तीनदा पकडला जातो: घंटेत, प्रतिसादात आणि शाईत. कुठलाही सर्किट डिझायनर या व्यवस्थेला नावे ठेवू शकणार नाही.

तार सोडून हवेतून ठोके येऊ लागले तेव्हा उंबरठा आणि स्मरण ही दोन्ही कामे प्रथमच एका वस्तूत आली. फ्रान्सच्या ब्रान्लीने 1890 मध्ये पाहिले की काचेच्या नळीतला धातूचा कीस एरवी वीज वाहू देत नाही, पण जवळपास ठिणगी उडाली की वाहू देतो आणि नंतरही वाहू देतच राहतो. हा झाला कोहेरर. ठोका गेला तरी नळी ते विसरत नाही; पुढच्या ठोक्यासाठी तिला टिचकी मारावी लागते. कोलकात्यात जगदीशचंद्र बोस 1895 पासून मिलिमीटर लहरींवर प्रयोग करत होते. त्यांना कीस बेभरवशाचा वाटला. 1899 मध्ये त्यांनी लोखंड आणि पारा यांचा, टिचकीशिवाय आपोआप पूर्ववत होणारा शोधक मांडला आणि पुढे गॅलेना स्फटिकाचा केला. त्या गॅलेना शोधकाचे अमेरिकी पेटंट 1904 चे आहे. अर्धवाहकाच्या वस्तूवरचे हे सर्वांत जुन्या पेटंटांपैकी एक.

विसाव्या शतकात ठोके तारबाबूंच्या हातून निघून अणूंकडे गेले. गायगर–म्युलर नळीतून एक भारित कण गेला की एक ठोका मिळतो, सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाच्या पल्ल्यातला. त्यामानाने यांत्रिक गणकयंत्र म्हणजे बैलगाडी. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत विन-विल्यम्सने 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला दर दोन ठोक्यांतला एक पुढे सोडणारी मंडले केली. अशी पाच ओळीने लावली की बत्तीस ठोक्यांमागे गणकाला एकदाच हलावे लागे. इटलीच्या ब्रुनो रोसीने 1930 मध्ये दुसरी युक्ती दाखवली: अनेक नळ्यांतून एकाच क्षणी ठोका आला तरच तो धरायचा, एकटादुकटा आला तर सोडून द्यायचा. होमी भाभा त्या काळात केंब्रिजला होते. 1945 मध्ये त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था काढली. पेडर रोडवरच्या केनिलवर्थ बंगल्यात तिचा मुंबईतला संसार मांडला गेला आणि हे सारे ठोकेशास्त्र मुंबईत आले.

त्याचा कळस झाला जमिनीखाली. संस्थेच्या बी. व्ही. श्रीकंटन यांनी 1950 च्या दशकात कोलारच्या सोन्याच्या खाणींत शोधक उतरवले. खोल गेले की विश्वकिरणांचा गोंगाट खडकात मुरतो. 1965 मध्ये, सुमारे 2.3 किलोमीटर खोलीवर, मुंबई, ओसाका आणि डरहॅम यांच्या चमूला वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंच्या खुणा मिळाल्या. जगात प्रथमच; दक्षिण आफ्रिकेच्या खाणीत राइन्स यांच्या चमूलाही त्याच सुमारास मिळाल्या. महिनोन्महिने पाहून हाती लागलेल्या खऱ्या घटना बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. उंबरठा जरा सैल असता तर त्या गोंगाटात बुडाल्या असत्या, जरा कडक असता तर आल्याच नसत्या.

पंडरीतल्या मुलीला इतके खोल जायला नको. तिला लागणारे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर नाहीतर पुण्याच्या पासोड्या विठोबापाशी सहज मिळतात, आणि घरपोचही येतात. एलएम 393 नावाच्या आठ पायांच्या चिपमध्ये दोन तुलनायंत्रे असतात. त्यातल्या एकाच्या एका पायावर फोटोडायोडचा दाब द्यायचा आणि दुसऱ्यावर प्रीसेट, म्हणजे कमी-जास्त करता येणारा छोटा रोध, फिरवून शंभर मिलिव्होल्टचा उंबरठा बांधायचा. फोटोडायोडने तो ओलांडला की बाहेरचा पाय खाली येतो. तो जातो 555 ला. हान्स कामेन्झिंडने 1971 मध्ये आखलेली आणि सिग्नेटिक्सने पुढच्या वर्षी बाजारात आणलेली ही चिप अजून किरकोळ भावात विकली जाते. तिला निसटता ठोका दिला तरी ती ठरावीक वेळ दिवा लावून ठेवते. वेळ किती, ते रोध गुणिले धारकता गुणिले 1.1. दहा किलोओहम आणि दहा मायक्रोफॅरड घेतले की 0.11 सेकंद.

एक सेकंद का नको? कारण दुकानात पाच किलोवॉटचा भार आला की लुकलुक 0.225 सेकंदाला येते आणि लांबवलेल्या एका ठोक्याच्या पोटात पुढचे चार गडप होतात. स्मरण लांबले की नवी दखल घेता येत नाही. गायगर नळीलाही हाच मृतकाल छळतो. शिवाय ट्यूबलाइटची सेकंदाला शंभर वेळा होणारी थरथर फोटोडायोडला दिसते, म्हणून त्याच्याभोवती काळी टेप गुंडाळायची आणि मग प्रीसेट हळूहळू फिरवायचा. तारघरातला पावसाळी स्क्रू तो हाच. फक्त निळ्या प्लास्टिकच्या डबीत बसलेला.

15 जुलै 2013 पासून देशात तार बंद झाली. साउंडर संग्रहालयात गेले. रेल्वेत मात्र ठोके मोजणे थांबलेले नाही, उलट वाढले आहे. रायपूर विभागासह देशभरात आता रुळाच्या दोन बाजूंना कॉइल बसवून चाकांचे आस मोजतात. एका कॉइलमधून निघालेला संकेत दुसरीत पोचतो. मधून चाक गेले की काही मिलिसेकंद त्याचा दाब खाली पडतो. ती घसरण म्हणजे एक आस. थोड्या अंतरावर अशीच दुसरी जोडी असते, कोणती आधी पडली यावरून गाडीची दिशा कळते. चोवीस डब्यांच्या गाडीचे, डब्याला चार प्रमाणे 96 आणि इंजिनचे सहा असे 102 आस आत गेले, तर पलीकडून 102 बाहेर यायला हवेत. एक जरी हुकला तरी यंत्र रूळ मोकळा आहे असे म्हणत नाही. गाडी खरोखर निघून गेली आहे याची खात्री करून कर्मचाऱ्याला किल्लीने ते पूर्ववत करावे लागते. त्यानंतरही अनेक ठिकाणी यंत्र लगेच विश्वास ठेवत नाही. पुढची एक गाडी त्या टप्प्यातून सावध वेगाने न्यावी लागते, आणि तिचे सगळे आस आत-बाहेर बरोबर जुळले की मगच सिग्नल नेहमीसारखा हिरवा होतो.